सत्तावीस चुली, एक ताळेबंद

डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांचे लग्न २०२० च्या जुलै महिन्यात, एका शनिवारी व्हायचे ठरले होते. तेवढ्यात ब्रसेल्सहून निरोप आला, की नेमक्या त्याच शनिवारी युरोपीय महासंघाच्या सत्तावीस देशांच्या प्रमुखांची बैठक आहे आणि विषय आहे अंदाजपत्रक. बाईंनी लग्न पुढे ढकलल्याचे जाहीर करून टाकले. मग मधला मार्ग निघाला आणि बैठकीच्या दोनच दिवस आधी, १५ जुलैला, त्यांनी लग्न उरकून घेतले व ब्रसेल्स गाठले. बैठक सुरू झाली त्या दिवशी, १७ जुलैला, जर्मनीच्या अँगेला मर्केल आणि पोर्तुगालचे अंतोनिओ कोस्टा या दोघांचाही वाढदिवस होता. शुभेच्छा झाल्या, भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि मग जे भांडण जुंपले ते चार दिवस आणि चार रात्री चालले. २१ जुलैच्या पहाटे डोळे चोळत मंडळी बाहेर आली तेव्हा कुठे पुढच्या सात वर्षांचा हिशेब जुळला होता.

पैशापायी लग्न लांबणीवर पडण्याचे प्रसंग आपल्याकडेही येतात, पण ते वधूपित्यावर. खुद्द पंतप्रधानावर तशी वेळ यावी, असे या अंदाजपत्रकात असते तरी काय?

गंमत अशी, की ते फार मोठेही नसते. महासंघाचे २०२५ या वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे १९९ अब्ज युरोंचे होते. एक युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला, तर ही रक्कम वीस लाख कोटी रुपयांच्या घरात जाते. आकडा ऐकून डोळे विस्फारतील; पण आपल्या केंद्र सरकारचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक पन्नास लाख कोटी रुपयांहून मोठे होते आणि महासंघाच्या देशांची एकत्रित अर्थव्यवस्था तर आपल्या जवळजवळ पाचपट आहे. हे सत्तावीस देश मिळून वर्षभरात शंभर युरो कमावत असतील, तर त्यातला जेमतेम एक युरो ब्रसेल्सच्या वाट्याला येतो. पंचेचाळीस कोटी लोकांत वाटून पाहिले, तर माणशी दिवसाला सव्वा युरोच्या आसपास. तेवढ्यात तिकडे एखादी कॉफी मिळाली तर मिळाली.

शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन, पोलीस हा सगळा खर्च ज्या त्या देशाच्या सरकारने आपल्या तिजोरीतून करायचा. ब्रसेल्सकडे राहते ते शेतकऱ्यांचे अनुदान, मागासलेल्या भागांचा विकास, संशोधन, सरहद्दींची राखण, परदेशांना मदत आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला धाडणारी, १९८७ मध्ये सुरू झालेली इरॅस्मस योजना. भाऊ वेगळे राहतात, चुली वेगळ्या आहेत. पण वाड्याचे छप्पर, विहीर आणि सामाईक बांध यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची, असा हा व्यवहार. अशा घरात मोठ्या रकमेवरून सहसा वाद होत नाहीत. वाद होतात ते वर्गणीवरून.

वर्गणी गोळा होते कशी, ते आधी पाहू. महासंघाला स्वतःचा प्राप्तिकर बसवता येत नाही. अंदाजपत्रकात तूट दाखवायलाही त्याच्या मूळ करारातच मनाई आहे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे. आपल्या अर्थमंत्र्यांना वित्तीय तुटीची जी सोय असते, ती तिकडच्या आयुक्तांना नाही. उत्पन्नाची साधने मोजकीच आहेत. सर्वांत जुने साधन आयात शुल्काचे. महासंघाच्या बाहेरून आलेला माल कुठल्याही बंदरात उतरो, त्यावरचे शुल्क सामाईक तिजोरीचे. आपल्या नाशिकची द्राक्षे हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. तिथे त्यांच्यावर वर्षानुवर्षे जे शुल्क भरावे लागत आले आहे, त्यातल्या चार आण्यांवर डच सरकार वसुलीचा खर्च म्हणून हात ठेवते आणि बारा आणे ब्रसेल्सला पाठवते. म्हणजे दिंडोरी-निफाडच्या मळ्यातल्या घडाचाही या अंदाजपत्रकाला थोडा हातभार लागतो, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे साधन मूल्यवर्धित कराचे. त्यातला अगदी लहान हिस्सा येतो. तिसरे २०२१ पासूनचे आणि मोठे मजेदार. ज्या देशात प्लास्टिकचे जेवढे वेष्टन पुनर्वापरात न जाता कचऱ्यात जाईल, त्याच्या दर किलोमागे ऐंशी सेंट त्या देशाने भरायचे. कचऱ्यावरून वर्गणी ठरवण्याची ही कल्पना आपल्या गृहनिर्माण संस्थांना सुचलेली नाही, हे आपले नशीब. पण निम्म्याहून कितीतरी अधिक भरणा होतो तो चौथ्या साधनाने. वरच्या तीन साधनांतून भागले नाही, की जेवढी रक्कम कमी पडेल तेवढी प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात घालायची. वर्षअखेर काही शिल्लक राहिलेच, तर पुढच्या वर्षी वर्गणी तेवढी कमी.

हे १९८८ पासूनचे साधन हिशेबाला सरळ आणि न्याय्य आहे. मात्र त्याच्यामुळे एक खोड लागली. कुणी किती घातले हे चटकन कळते. कुणाला परत किती मिळाले हेही मोजता येते. मग दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘आम्ही देणारे, तुम्ही घेणारे’ अशी यादी दरवर्षी वर्तमानपत्रांतून झळकते आणि प्रत्येक देशाचा अर्थमंत्री ती यादी खिशात घालून ब्रसेल्सला जातो.

ही वजाबाकी वाटते तेवढी भरवशाची नाही. रॉटरडॅमचेच पाहा. तिथे उतरणारा माल डच माणसे एकटी थोडीच खातात? तो ट्रकमध्ये भरून जर्मनीत आणि त्याच्याही पलीकडे जातो. किंमत मोजतो जर्मन गिऱ्हाईक, शुल्क जमा होते डच नाक्यावर आणि वहीत ते धरले जाते नेदरलँड्सच्या नावावर. उलट लक्झेंबर्ग आणि बेल्जियम या देशांत महासंघाची कार्यालये असल्याने त्यांच्या नावापुढे येण्याचा आकडा फुगतो. पोलंडमध्ये महासंघाच्या पैशाने रस्ता होतो तेव्हा तो पोलंडच्या खात्यावर पडतो. पण त्या रस्त्याची यंत्रे जर्मन कारखान्यात घडलेली असू शकतात. आणि एका बाजारपेठेमुळे, मधल्या जकाती उठल्यामुळे कुणाचा किती फायदा झाला, त्याला तर वहीत रकानाच नाही. जे मोजता येते त्यावरून भांडण होते आणि जे मोजता येत नाही ते गृहीत धरले जाते. माझ्या मते या अंदाजपत्रकाची सारी रखडपट्टी इथूनच सुरू होते.

भांडणाला मुहूर्त लागला तो फार पूर्वी. महासंघाच्या पूर्वावतारात, म्हणजे सहा देशांच्या सामाईक बाजारपेठेत, शेतीचा सगळा खर्च एकत्र करायचा असे ठरले होते. त्यासाठी स्वतंत्र उत्पन्न हवे आणि त्यावर संसदेची देखरेख हवी, असा प्रस्ताव १९६५ मध्ये आला. फ्रान्सच्या जनरल द गॉल यांना शेतीचा पैसा हवा होता. पण ब्रसेल्सच्या हाती सत्ता जाणे मान्य नव्हते. त्यांनी आपले प्रतिनिधीच माघारी बोलावले. त्या जुलैपासून पुढच्या जानेवारीपर्यंत फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. ‘रिकाम्या खुर्चीचा पेच’ या नावानेच तो प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे.

शेतीचे तेव्हाचे धोरण असे, की भाव पडू लागले तर सरकारी यंत्रणेने ठरलेल्या भावाने माल उचलायचा. आपल्या हमीभावाच्या खरेदीसारखेच हे. शेतकऱ्याने मग पिकवतच जावे हे ओघाने आले. १९८० च्या सुमारास लोण्याचे डोंगर आणि दारूची तळी हे शब्द युरोपातल्या पोराबाळांच्याही तोंडी होते. अंदाजपत्रकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकट्या शेतीवर खर्च होत होता. १९७३ मध्ये आत आलेल्या ब्रिटनची इथेच पंचाईत झाली. शेती थोडी, त्यामुळे अनुदान थोडे. बाहेरून येणारा माल मोठा, त्यामुळे शुल्काचा भरणा मोठा. त्यात तो देश तेव्हा सदस्यांमधल्या श्रीमंतांत मोडतही नव्हता.

मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये पंतप्रधान झाल्या आणि आमचे पैसे आम्हाला परत द्या, हा घोष त्यांनी लावला. किराणा दुकानदाराची ही मुलगी. पै-पैचा हिशेब तिला बाळकडूतच मिळालेला. पाच वर्षे प्रत्येक शिखर बैठकीत त्यांनी हा एकच विषय उकरून काढला आणि सगळ्यांना भंडावून सोडले. शेवटी जून १९८४ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे इतरांनी हात टेकले. ब्रिटन जेवढे देतो आणि जेवढे त्याला परत मिळते त्यातल्या फरकाचे ६६ टक्के त्याला दरसाल माघारी मिळू लागले.

आता ही सूट कुणाच्या खिशातून? अर्थात उरलेल्यांच्या. त्यावर जर्मनीचे म्हणणे पडले, की आम्ही आधीच सर्वांत जास्त देतो, मग ब्रिटनच्या सुटीचा पुरा भार आमच्यावर का? म्हणून जर्मनीला त्या भारात सूट मिळाली. पुढे नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि स्वीडन यांनाही मिळाली. सुटीवरची सूट! ब्रिटन २०२० च्या ३१ जानेवारीला महासंघ सोडून गेला, तेव्हा ज्या सुटीपायी हे सगळे सुरू झाले तीच संपली. मग आता सारे समान होतील, असे एखाद्या भाबड्या माणसाला वाटले असते. प्रत्यक्षात त्या जुलैच्या बैठकीत डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि स्वीडन या पाच देशांच्या सुटी ठोक रकमेत नव्याने बांधून देण्यात आल्या. एकट्या नेदरलँड्सची सूट वर्षाला १.९ अब्ज युरोंची. पाहुणा गेला, पण त्याच्यासाठी घातलेली खाट तशीच राहिली.

ब्रिटनच्या जाण्यातही ही वही होतीच. २०१६ च्या सार्वमताच्या वेळी एक लाल बस देशभर फिरत होती. दर आठवड्याला आपण ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला पाठवतो, ते आपल्याच आरोग्यसेवेला देऊ, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय. ३५ कोटींचा तो आकडा सूट वजा करण्याआधीचा होता. एवढे पैसे मुळात ब्रसेल्सला जातच नव्हते. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे बजावले. पण बस पुढे निघून गेली होती. ज्या सुटीसाठी थॅचरबाईंनी पाच वर्षे रान उठवले, तिचा त्यांच्याच देशाला ऐन वेळी विसर पडावा!

थॅचरबाईंच्या भांडणाच्याच काळात दुसरी आघाडी उघडली होती. १९७९ मध्ये युरोपीय संसद प्रथमच थेट लोकांच्या मतांनी निवडून आली आणि त्याच डिसेंबरात तिने पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक फेटाळून लावले. सिमोन व्हेल तेव्हा संसदेच्या अध्यक्ष होत्या. नव्या सुनेने पहिल्याच सणाला स्वयंपाक परत पाठवावा, तसा हा प्रकार. १९८० ची पहिली सहामाही बाराव्या हिश्शांवर काढावी लागली. अंदाजपत्रक वेळेवर मंजूर नसेल, तर दरमहा गेल्या वर्षीच्या रकमेचा बारावा हिस्सा तेवढा खर्च करता येतो. आपल्याकडच्या लेखानुदानाचा हा युरोपीय भाऊ. १९८५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. दर डिसेंबरला तमाशा आणि दर जानेवारीला ठणठणपाळ असे चालू राहिले, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी १९८८ मध्ये तोडगा काढला. दरवर्षी भांडण्यापेक्षा काही वर्षांचे एकदाच भांडून घ्यावे! पहिली मुदत पाच वर्षांची होती. १९९३ पासून ती सात वर्षांची झाली. त्यामुळे शेतीला जास्तीत जास्त किती, विकासाला किती, कारभाराला किती, याच्या मर्यादा सात वर्षांसाठी ठरून जातात. सगळ्या देशांचे त्यावर एकमत लागते. एकानेही मान हलवली नाही, तर गाडी पुढे जात नाही.

वार्षिक अंदाजपत्रक त्या मर्यादांच्या आत बसवायचे असते. त्याला एकमत नको, बहुमत पुरते. त्याचा वर्षाचा क्रम ठरून गेलेला आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिलचे, त्यांचे जानेवारीचे. उन्हाळ्याच्या सुमारास आयोग मसुदा मांडतो. तो आधी मंत्रिपरिषदेकडे, म्हणजे सदस्य देशांच्या सरकारांच्या प्रतिनिधींकडे जातो. आपल्याच तिजोरीतून पैसे जायचे असल्याने ते कात्री चालवतात. मग मसुदा संसदेत येतो. खासदारांना लोकांसमोर जायचे असते, म्हणून ते कापलेले पुन्हा जोडतात आणि वर थोडी भरही घालतात. आयोगाला हे दोन्ही आधीच ठाऊक असते. आपल्या बाजारपेठेत दुकानदार भाव चढवून सांगतो, गिऱ्हाईक पाडून मागते आणि दोघांनाही शेवटचा भाव आधीच माहीत असतो, त्यातलाच हा प्रकार.

दोन्ही बाजूंचे जमले नाही, की समेट समिती बसते. मंत्रिपरिषदेचे सत्तावीस, संसदेचे सत्तावीस. मुदत बरोबर एकवीस दिवसांची. नोव्हेंबरातल्या या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि गेल्या कित्येक वर्षांत तडजोड व्हायची ती मुदतीच्या अगदी काठावरच. २०१० मध्ये, ही पद्धत नवी असताना, पहिल्याच वर्षी समिती फसली आणि आयोगाला मसुदा नव्याने मांडावा लागला. शेवटी संसदेच्या अध्यक्षांच्या सहीने अंदाजपत्रक लागू होते. ही संसद भरते फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे. बरेचसे काम ब्रसेल्समध्ये होत असले, तरी वर्षातली बारा अधिवेशने आणि त्यातही अंदाजपत्रकाचे अधिवेशन स्ट्रासबुर्गलाच व्हावे, असे करारात लिहून ठेवले आहे. त्यासाठी खासदार, त्यांचे सहायक, कागदपत्रांच्या पेट्या असा सगळा लवाजमा दर महिन्याला हलतो. एकाच जागी बसलात तर वर्षाला ११.४ कोटी युरो वाचतील, असे महासंघाच्या लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये काढून दाखवले. फ्रान्स करार बदलायला तयार नाही. काटकसरीचा ठराव करायलाही तिकडे प्रवासभत्ता लागतो तो असा.

एकेका रकमेला दोन आकडे असतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपण सदनिका नोंदवतो तेव्हा करार पूर्ण किमतीचा असतो. पण यंदा हातून जातात ते हप्ते. तसेच इथे. ‘यंदा इतक्याची बांधिलकी पत्करली’ हा एक आकडा आणि ‘यंदा प्रत्यक्ष इतके देणार’ हा दुसरा. वर सांगितलेले १९९ अब्ज हे बांधिलकीचे. २०२५ मध्ये प्रत्यक्ष देण्यासाठी सुमारे १५५ अब्ज ठेवले होते. पूल मंजूर होतो आज, बिले येतात चार-पाच वर्षांनी. विकासनिधीत ठरलेल्या मुदतीत, साधारण तीन वर्षांत, पैसे उचलले नाहीत, तर ते हातचे जातात. म्हणूनच मुदत सरत आली, की मागास प्रदेशांतल्या कार्यालयांतून आपल्याकडच्या ३१ मार्चसारखी धांदल उडते.

हा विकासनिधी वाटायचे सूत्र मात्र तारीफ करण्यासारखे आहे. देशाऐवजी प्रदेश पाहायचा. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न महासंघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो मागास. सरासरीपासून तो किती खाली आहे, तिथे माणसे किती, देश एकूण किती सधन, बेकार किती, हे सगळे गणितात घालून रक्कम निघते. आपल्याकडे वित्त आयोग राज्यांचा वाटा ठरवतो तेव्हा हाच विचार करतो. पंधराव्या आयोगाने उत्पन्नातल्या अंतराला ४५ टक्के वजन दिले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला राज्यांच्या हिश्शातले ६.३ टक्के आले. इतके देऊन इतकेच का, ही आपल्याकडची कुरकुर डच माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. फरक आहे तो वेगळाच. आपल्याकडे गणित मांडते ती एक आयोग म्हणून नेमलेली तज्ज्ञ मंडळी. तिकडे सूत्राने रक्कम निघाल्यावर शेवटच्या रात्री पंतप्रधान स्वतः घासाघीस करतात. पहाटेच्या निवेदनात मग अमुक देशाला इतके जादा, तमुक बेटाला इतके जादा, अशा ओळी दिसतात. त्या वाचल्या, की कोण किती वाजेपर्यंत जागला याचा अंदाज येतो.

आणि तरीही या निधीने देश उभे केले आहेत. आयर्लंड १९७३ मध्ये आला तेव्हा पश्चिम युरोपातल्या गरिबांत होता. दशकानुदशके त्याने घेतले. २०१० च्या दशकात तो देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. २००४ मध्ये आलेल्या पोलंडच्या रस्त्यांवर निळ्या पाटीवरचे बारा तारे जागोजागी दिसतात. फुकट मात्र काही नाही. प्रकल्पाच्या खर्चाचा काही भाग त्या देशाने स्वतः घालायचाच. आज शेती आणि विकासनिधी यांना प्रत्येकी साधारण एक तृतीयांश मिळतो. नोकरशाहीवर जातो सुमारे सहा टक्के. महासंघाची माणसे आहेत साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबई महापालिकेच्या नोकरवर्गापेक्षाही कमी.

एवढ्या थोड्या माणसांनी इतका पैसा राखायचा कसा? ती राखत नाहीतच. सुमारे तीन चतुर्थांश रक्कम सदस्य देशांच्या सरकारांमार्फत खर्च होते. चूक निघाली, की नाव मात्र ब्रसेल्सचे. लक्झेंबर्गचे लेखापरीक्षा न्यायालय दरसाल किती रक्कम नियमाला सोडून दिली गेली ते काढते. २०२३ च्या खर्चात हे प्रमाण ५.६ टक्के निघाले. यातला बराचसा भाग निविदेतली चूक, अपुरी कागदपत्रे अशा स्वरूपाचा असतो, सगळी लबाडी नव्हे. लबाडीही होतेच. १९९८ मध्ये पॉल व्हान ब्यूटेनेन नावाच्या आयोगातल्याच एका लेखापरीक्षकाने गैरव्यवहाराची कागदपत्रे खासदारांच्या हाती दिली. त्याला अर्ध्या पगारावर निलंबित केले गेले. पण संसदेने १९९६ चे हिशेब मान्य करायला नकार दिला, चौकशी समिती बसली आणि मार्च १९९९ मध्ये जाक सँतेर यांच्यासह विसाच्या वीस आयुक्तांनी एका रात्रीत राजीनामे दिले. त्यांत फ्रान्सच्या माजी पंतप्रधान एदिथ क्रेसाँ होत्या. त्यांनी आपल्या गावच्या दंतवैद्याला वैज्ञानिक सल्लागार नेमले होते! मंत्रिमंडळे पाडणाऱ्या गोष्टी पुष्कळदा अब्जांच्या नसतात.

अलीकडे या तिजोरीला एक नवे दार बसले आहे. न्यायव्यवस्था आणि कायद्याचे राज्य नीट नसेल, तर पैसे रोखायचे. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो याच नियमाने गोठवले गेले. वर्षभराने युक्रेनला ५० अब्ज युरो देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी एकट्याने तो अडवला. १ फेब्रुवारी २०२४ च्या बैठकीत त्यांनी माघार घेतली. त्याच दिवशी बाहेर शेकडो ट्रॅक्टर युरोपीय संसदेला वेढा घालून उभे होते, टायर जळत होते, चौकातला एक पुतळाही खाली आला. आत युक्रेनचा पैसा, बाहेर शेतीचा. दोघांचा मालक तोच शंभरातला एक युरो.

आता जुलै २०२० कडे पाहू. करोनाने युरोपची घडी विस्कटली होती, इटली-स्पेनची दैना उडाली होती. तेव्हा महासंघाने स्वतःच्या नावावर ७५० अब्ज युरोंचे कर्ज काढून ते देशांना द्यावे, असे मर्केल आणि फ्रान्सचे माक्रों यांच्या पुढाकाराने ठरत होते. एवढे मोठे सामाईक कर्ज पूर्वी कधीच काढले नव्हते. त्यातले ५०० अब्ज परतफेड नको असे अनुदान असावे, असा प्रस्ताव होता. नेदरलँड्सचे मार्क रुटे, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि आपल्या नवविवाहित फ्रेडरिक्सनबाई या ‘काटकसरी चौकडी’ने तो धरून ठेवला. चार रात्रींनंतर अनुदान ३९० अब्जांवर आले, बाकीचे ३६० अब्ज कर्जाऊ. आणि चौघांच्या सुटी वाढल्या.

अनुदान घेणाऱ्याला ते फेडायचे नाही हे खरे. पण ज्यांच्याकडून महासंघाने पैसा उचलला त्यांना तो फेडायचाच आहे. परतफेडीची मुदत २०२८ ते २०५८. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ या सात वर्षांचा सुमारे दोन हजार अब्ज युरोंचा मसुदा मांडला, त्यात या कर्जासाठी १६८ अब्ज युरो राखून ठेवलेले दिसले. तेवढे आणायचे कुठून? मोठ्या कंपन्यांवर वार्षिक आकारणी, तंबाखूच्या करातला हिस्सा, गोळा न केलेल्या विजेच्या उपकरणांच्या कचऱ्यावर शुल्क, अशी यादी आयोगाने पुढे केली. तंबाखूवरून स्वीडन लगेच उखडला. एकूण आकड्यावरून जर्मनीने मान हलवली. शेती आणि विकासनिधी एकाच पेटीत घालण्याच्या कल्पनेवरून डिसेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर पुन्हा ब्रसेल्सला आले.

या मसुद्याला सत्तावीसही देशांचा होकार लागतो, युरोपीय संसदेची संमती लागते आणि उत्पन्नाच्या नव्या साधनांसाठी प्रत्येक देशाच्या मंजुरीची मोहोर. २०२७ अखेरपर्यंत जमले नाही, तर २०२७ च्याच मर्यादा पुढे चालू राहतील, अशी सोय करारात आहे. कर्जाच्या हप्त्यासाठी मात्र तशी सोय नाही. तो २०२८ मध्येच भरायचा आहे.